बिनतारी ॲक्सेस पॉइंटचे स्वतंत्र फर्मवेअर

बिनतारी ॲक्सेस पॉइंटचे स्वतंत्र फर्मवेअर म्हणजे मध्यवर्ती नियंत्रकाची मदत न घेता ॲक्सेस पॉइंटला एकट्याने चालविणारी, उपकरणाच्या कायमस्वरूपी स्मृतीत साठविलेली आज्ञावली होय. कार्यालये, महाविद्यालये, रुग्णालये आणि रेल्वे स्थानके यांसाठी तयार झालेले बहुतेक ॲक्सेस पॉइंट नियंत्रकाच्या आधाराने चालतात. नियंत्रक बंद पडला, त्याचा परवाना संपला किंवा उपकरणातील अंकीय प्रमाणपत्राची मुदत सरली, तर रेडिओ, अँटेना आणि विद्युतमंडल धडधाकट असूनही असा ॲक्सेस पॉइंट निरुपयोगी ठरतो. त्यावर स्वतंत्र फर्मवेअर बसविले की तो घर, शाळा, वाचनालय किंवा ग्रामपंचायत अशा लहान जागेत पुन्हा वापरता येतो. मात्र नियंत्रक आजवर करीत असलेली सुरक्षा, वाहिन्यांची निवड आणि अद्ययावतीकरण ही कामे त्यानंतर उपकरणाच्या मालकाकडे येतात.

संज्ञा

ॲक्सेस पॉइंट हे तारेच्या जाळ्याला बिनतारी जाळे जोडणारे उपकरण आहे. घरगुती वापरातील राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट, मार्गनिर्देशक आणि स्विच ही तीन उपकरणे एकाच डबीत असतात. संस्थांसाठीच्या छताला लावायच्या ॲक्सेस पॉइंटमध्ये सहसा फक्त पहिला भाग असतो, त्याला वीजही बहुधा जाळ्याच्या तारेतूनच मिळते आणि आयपी पत्ते वाटण्याचे काम दुसऱ्या उपकरणाला करावे लागते. रूपांतर करणाऱ्या नवख्या व्यक्तीची पहिली निराशा अनेकदा येथेच होते. फर्मवेअर नीट बसते, संकेतही दिसतो, पण मोबाइलला आयपी पत्ता मिळत नाही. याचे कारण बहुधा जाळ्यात पत्ते वाटणारा राउटरच नसणे हे असते.

नियंत्रकावर अवलंबून असणाऱ्या ॲक्सेस पॉइंटला ‘लाइटवेट’ आणि स्वतःची संपूर्ण मांडणी स्वतःजवळ ठेवणाऱ्यास ‘ऑटोनॉमस’ म्हणतात. या संज्ञा सिस्को या कंपनीने रूढ केल्या. रकस कंपनीच्या उपकरणांबाबत ‘स्टँडअलोन’ किंवा ‘सोलो’ असे शब्द वापरले जातात. अनेक मॉडेलांत या दोन्ही प्रकारांचे यंत्रभाग अगदी एकच असतात आणि फरक फक्त आत भरलेल्या आज्ञावलीचा असतो. रूपांतर शक्य होते ते त्यामुळेच.

पार्श्वभूमी

संस्थांसाठीचे सुरुवातीचे ॲक्सेस पॉइंट स्वतंत्रच होते. प्रत्येकाचा पत्ता, नाव, संकेतशब्द आणि वाहिनी वेगवेगळी भरावी लागे. दहा उपकरणे असतील तर हे काम त्रासाचे आणि दोनशे असतील तर जवळजवळ अशक्य ठरे. २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात एअरस्पेस या कंपनीने सर्व निर्णय एका नियंत्रकात एकवटणारी रचना पुढे आणली. सिस्कोने २००० साली एअरोनेट ही ॲक्सेस पॉइंट बनविणारी कंपनी ताब्यात घेतली होती, २००५ मध्ये तिने एअरस्पेसही विकत घेतली आणि एअरोनेट मालिकेतील उपकरणे लाइटवेट स्वरूपात विकण्यास सुरुवात केली. नियंत्रक आणि ॲक्सेस पॉइंट यांच्यातील संभाषणासाठी एअरस्पेसची एलडब्ल्यूएपीपी ही पद्धती होती. तिच्या आधारे कॅपवॅप हा खुला मानक तयार होऊन २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्या काळी रूपांतराची दिशा आजच्या उलट होती. संस्थांकडे आधीपासून असलेले स्वतंत्र ॲक्सेस पॉइंट लाइटवेट करून नियंत्रकाखाली आणण्यासाठी सिस्कोने खास साधन दिले होते. दहाएक वर्षांनी हीच उपकरणे संस्थांनी बदलून टाकली, जुन्या बाजारात ती अल्प किमतीत मिळू लागली आणि परतीच्या वाटेची गरज निर्माण झाली.

घरगुती उपकरणांचा इतिहास वेगळा आहे. डिसेंबर २००२ मध्ये बाजारात आलेल्या लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स वापरलेले असल्याचे २००३ मध्ये उघड झाले. लिनक्सच्या जीपीएल परवान्याप्रमाणे मूळ आज्ञासंहिता खुली करणे कंपनीवर बंधनकारक होते. त्याच वर्षी ती प्रसिद्ध झाली आणि तिच्यावरून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी या प्रकल्पाची सुरुवात झाली. पुढे डीडी-डब्ल्यूआरटी हाही पर्याय आला. लिंक्सिसने २००५ मध्ये या राउटरच्या पाचव्या आवृत्तीत स्मृती निम्मी केली आणि लिनक्सही सोडले, पण मागणी पाहून जुनी रचना डब्ल्यूआरटी५४जीएल या नावाने विक्रीस ठेवली. ग्राहकाने स्वतःच्या उपकरणातील फर्मवेअर बदलावे हे पुढे लाखोंना स्वाभाविक वाटू लागले, त्यात या एका राउटरचा वाटा मोठा आहे.

प्रमाणपत्रांची मुदत

धडधाकट ॲक्सेस पॉइंट अचानक निकामी होण्याचे एक कारण अंकीय प्रमाणपत्रात दडलेले आहे. नियंत्रक आणि ॲक्सेस पॉइंट एकमेकांची ओळख पटविण्यासाठी कारखान्यातच बसविलेले प्रमाणपत्र वापरतात. सिस्कोने २००५ च्या मध्यापासून बनविलेल्या एअरोनेट उपकरणांत असे प्रमाणपत्र असून त्याची मुदत दहा वर्षांची होती. त्यामुळे २०१५ पासून जुनी उपकरणे एकेक करून नियंत्रकाशी जोडली जाईनाशी झाली. चालू असलेले उपकरण चालूच राहत असे. पण वीज जाऊन परत आली किंवा काही कारणाने त्याने पुन्हा जोडणी मागितली, की नियंत्रक ती नाकारत असे. वीज वारंवार जाणाऱ्या भागात हा दोष त्यामुळे लवकर लक्षात येई, पण कारण मात्र विजेच्या दाबात शोधले जाई.

सिस्कोने यावर नियंत्रकात एक सोय केली. मुदत संपलेले प्रमाणपत्र दुर्लक्षित करण्याची आज्ञा देता येऊ लागली. ज्या नियंत्रकांच्या आज्ञावलीत ही आज्ञा नव्हती, त्यांचे घड्याळ मागे नेऊन ठेवण्याची तोडही वापरली गेली. डिसेंबर २०२२ मध्ये आणखी एक प्रमाणपत्र कालबाह्य झाले. या वेळी ते फर्मवेअरवरील स्वाक्षरीशी संबंधित होते, आणि जुन्या मालिकेतील काही ॲक्सेस पॉइंट नियंत्रकाकडून नवी आवृत्ती घेताना अर्ध्यावर अडकून राहू लागले. स्वतंत्र फर्मवेअरवर चालणाऱ्या उपकरणाला नियंत्रकाशी ओळख पटवावीच लागत नाही, म्हणून जोडणी नाकारली जाण्याचा प्रश्न तेथे उरत नाही. जुन्या उपकरणाच्या मालकासाठी रूपांतराचा सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच आहे.

सिस्को एअरोनेटचे रूपांतर

एअरोनेट मालिकेतील ११३०, ११४०, १२४०, १२५०, १२६०, १६००, २६००, ३५००, ३६०० इत्यादी मॉडेलांसाठी स्वतंत्र फर्मवेअर उपलब्ध होते. १८००, २८०० आणि ३८०० या नंतरच्या मालिकांत आज्ञावलीची रचनाच बदलली आणि जुन्या अर्थाने स्वतंत्र फर्मवेअर उरले नाही. त्याऐवजी जाळ्यातील एक ॲक्सेस पॉइंटच इतरांचा नियंत्रक होतो अशी मोबिलिटी एक्सप्रेस ही सोय आली. जुने उपकरण विकत घेण्यापूर्वी मॉडेल क्रमांक पाहणे आवश्यक आहे ते यासाठी.

फर्मवेअरच्या संचिकेचे नाव वाचता आले तर निम्मे काम होते. नावात ‘के९डब्ल्यू७’ ही अक्षरे असतील तर ती स्वतंत्र आवृत्ती असते, ‘के९डब्ल्यू८’ असेल तर लाइटवेट. त्यामागे ‘आरसीव्ही’ जोडलेले असेल तर ती फक्त नियंत्रक शोधून पूर्ण आवृत्ती मागविण्यापुरती तात्पुरती आवृत्ती असते. नावाच्या सुरुवातीला मालिकेचा क्रमांक असतो आणि तो उपकरणाशी जुळला पाहिजे.

सर्वांत प्रचलित पद्धतीत ॲक्सेस पॉइंटवरील ‘मोड’ ही कळ आणि टीएफटीपी हा संचिका-वहनाचा साधा नियमसंच वापरला जातो. संगणकाला १०.०.०.२ ते १०.०.०.३० या टप्प्यातील स्थिर आयपी पत्ता दिला जातो, कारण या अवस्थेत ॲक्सेस पॉइंट स्वतः १०.०.०.१ हा पत्ता घेतो. संगणकावर टीएफटीपी सर्व्हर चालू करून त्याच्या फोल्डरमध्ये फर्मवेअरची संचिका ठेवतात. तिचे नाव मात्र बदलावे लागते. आवृत्तीचा क्रमांक आणि शेवटचा ‘टार’ हा विस्तार काढून त्या जागी ‘डीफॉल्ट’ लिहिले जाते आणि मालिकेचे नाव, ‘के९डब्ल्यू७’ व त्यापुढील ‘टार’ हा भाग तसाच राहतो. त्यानंतर ॲक्सेस पॉइंटची वीज काढून, ‘मोड’ कळ दाबून धरून वीज पुन्हा दिली जाते. साधारण २० ते ३० सेकंदांनी स्थितिदर्शक दिवा लाल होतो. त्या क्षणी कळ सोडली की उपकरण संचिका मागू लागते. संचिका उतरणे, स्मृतीत लिहिली जाणे आणि उपकरण पुन्हा सुरू होणे यास काही मिनिटे लागतात. या काळात वीज जाऊ न देणे ही एकच खरी काळजी आहे. भारनियमनाच्या भागात हे काम इन्व्हर्टरवर करणे शहाणपणाचे ठरते.

ही पद्धत फसते तेव्हा उपकरणात दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा संगणकाची अग्निभिंत टीएफटीपीची मागणी अडविते किंवा विंडोज संचिकेच्या नावाचा शेवटचा भाग लपविते आणि नाव बदलले असे वाटूनही ते बदललेले नसते. लॅपटॉपचे वायफाय चालू राहिल्याने मागणी दुसऱ्याच मार्गाने जाणे हेही नेहमीचे कारण आहे. तारेतून वीज देणारा इंजेक्टर वापरताना त्याच्या दोन छिद्रांची अदलाबदल होते, आणि संगणकाची तार वीज असलेल्या बाजूला जाते, तेव्हा ॲक्सेस पॉइंटचा दिवाही लागत नाही. टीएफटीपीमध्ये संकेतशब्दाची सोयच नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचा हा नियमसंच साधेपणासाठीच बनविला गेला. त्यामुळे हे काम इतर जाळ्यापासून तोडलेल्या एकाच तारेवर करणे योग्य.

ॲक्सेस पॉइंटमध्ये प्रवेश करता येत असेल, तर दुसरी पद्धत अधिक नेमकी आहे. कन्सोलच्या निळ्या तारेने जोडून (वेग ९६०० बॉड) आज्ञापटलावरून लाइटवेट उपकरणातील बंद ठेवलेल्या आज्ञा खुल्या करायच्या आणि संचिका उतरवून जुनीवर लिहिण्याची आज्ञा द्यायची. प्रगती पडद्यावर दिसते व चूक कोठे झाली ते कळते. चालू नियंत्रक हाताशी असेल तर त्याच्यावरून एकाच आज्ञेत निवडक ॲक्सेस पॉइंट स्वतंत्र करता येतात. संस्थेने जुनी उपकरणे दान किंवा लिलाव करण्यापूर्वी हे केले, तर घेणाऱ्याचे बरेच श्रम वाचतात.

रूपांतरानंतर उपकरण सुरू होते, पण मोबाइलवर जाळ्याचे नाव दिसत नाही. हा दोष नाही. स्वतंत्र आवृत्तीत रेडिओ मुळातच बंद ठेवलेले असतात आणि जाळ्याला नावही दिलेले नसते. ते दिल्यावर व सांकेतिकीकरण निवडल्यावर मगच रेडिओ चालू करायचा असा क्रम आहे. २००८ सालच्या मुंबईतील घटना, ज्यांचा उल्लेख पुढे येतो, लक्षात घेतल्या तर या क्रमामागील सावधगिरी पटते.

इतर उत्पादकांची उपकरणे

रकसच्या झोनफ्लेक्स मालिकेत काम सोपे आहे. उपकरणाच्या मागील बारीक छिद्रातील कळ टाचणीने दाबून धरून ते मूळ स्थितीत आणतात, मग ब्राउझरमधून १९२.१६८.०.१ या पत्त्यावर जाऊन देखभालीच्या पानावरून स्वतंत्र आवृत्तीची संचिका चढवितात. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी लागते. त्याच जाळ्यात रकसचा नियंत्रक असेल तर उपकरण आपण होऊन त्याच्याशी जोडले जाऊ शकते आणि नियंत्रक आपली आवृत्ती त्यावर पुन्हा चढवितो. अनलीश्ड हा रकसचा नंतरचा प्रकार आहे. त्यात अनेक ॲक्सेस पॉइंटपैकी एक प्रमुख होतो.

अरुबाच्या उपकरणांत नियंत्रकाधीन ‘कॅम्पस’ आणि नियंत्रकाशिवायचे ‘इन्स्टंट’ असे दोन प्रकार होते. जुन्या काही मॉडेलांवर अधिकृत मार्गाने रूपांतर होत नाही, मात्र एपी-१०५ सारख्या मॉडेलांसाठी ओपनडब्ल्यूआरटी उपलब्ध आहे. मेराकीची गोष्ट आणखी निराळी. त्यांची सर्व मांडणी कंपनीच्या मेघसेवेवरून होते आणि सेवेचा परवाना संपला की उपकरण काम करीत नाही. एमआर१६, एमआर१८ आणि एमआर२४ या जुन्या मॉडेलांवर ओपनडब्ल्यूआरटी बसविता येते. त्यासाठी काही वेळा डबी उघडून आतील मंडलावर सिरियल तार जोडावी लागते. हे काम सोल्डरिंगची सवय असलेल्याचे आहे.

ओपनडब्ल्यूआरटीची अडचण स्मृतीची आहे. ४ मेगाबाइट फ्लॅश आणि ३२ मेगाबाइट रॅम असलेली उपकरणे, ज्यांत भारतातही घरोघरी पोहोचलेल्या टीपी-लिंक डब्ल्यूआर८४१एनच्या अनेक आवृत्त्या येतात, १९.०७ या मालिकेनंतर वगळण्यात आली. अशा राउटरवर जुनी आवृत्ती चालते खरी, पण तिच्यातील सुरक्षादोष दुरुस्त होत नाहीत. बाहेरच्या बाजूला मॉडेलचे नाव एकच असले तरी आतील आवृत्त्या वेगळ्या असतात. तळावरील चिकटपट्टीवर छापलेला आवृत्ती क्रमांक न पाहता संचिका निवडणे हे राउटर निकामी करण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे.

सुरक्षितता

स्वतंत्र केलेल्या सिस्को उपकरणाचे सुरुवातीचे सदस्यनाव व संकेतशब्द कंपनीच्या नावाचेच असतात आणि ते जगजाहीर आहेत. ते बदलणे ही पहिली पायरी होय. दुसरी पायरी सांकेतिकीकरणाची. वेप ही जुनी पद्धत काही मिनिटांत फोडता येते. डब्ल्यूपीए२ आणि एईएस ही जोडी जुन्या एअरोनेटवरही चालते, डब्ल्यूपीए३ मात्र चालत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये जाहीर झालेला क्रॅक आणि मे २०२१ मध्ये जाहीर झालेला फ्रॅगअटॅक्स हे दोष फर्मवेअरच्या दुरुस्तीनेच आटोक्यात येतात, आणि दुसऱ्याच्या वेळेपर्यंत अनेक जुन्या मालिकांचा आधार संपलेला होता. पैशांचे व्यवहार किंवा रुग्णांच्या नोंदी ज्या जाळ्यावरून जातात तेथे असे उपकरण वापरणे त्यामुळे योग्य नाही. वाचनालयात वृत्तपत्र वाचण्यासाठी येणाऱ्यांकरिता वेगळ्या ठेवलेल्या जाळ्यावर ते चालून जाते.

व्यवस्थापनाची अडचण अधिक विचित्र आहे. जुन्या फर्मवेअरचे सुरक्षित वेबपान आजचे ब्राउझर उघडत नाहीत, कारण त्यातील सांकेतिकीकरण कालबाह्य झाले आहे. एसएसएचचेही तसेच होते. म्हणून लोक असुरक्षित वेबपान चालू ठेवतात. ते चालू ठेवण्यापेक्षा बंद करून कन्सोलची तार वापरणे बरे.

फर्मवेअर कोठून घेतले हाही सुरक्षेचाच प्रश्न आहे. सिस्कोच्या संकेतस्थळावर संचिका उतरविण्यासाठी नोंदणी आणि बहुधा सेवाकरार लागतो, आणि जुन्या मॉडेलांच्या संचिका तेथून कालांतराने काढल्या जातात. मग अनोळखी ठिकाणच्या संचिका वापरल्या जातात. यात परवान्याचा भंग होऊ शकतो, शिवाय संचिकेत फेरफार झालेला असण्याची शक्यता असते. कंपनीने प्रसिद्ध केलेला हॅश, म्हणजे संचिकेचा अंकीय ठसा, आपल्या संचिकेच्या ठशाशी जुळवून पाहिल्यास दुसरी शंका फिटते, पहिली फिटत नाही.

भारतातील नियम

भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. या पट्ट्यात प्रभावी प्रक्षेपित शक्तीची मर्यादा ४ वॅट आहे. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील काही भाग तेव्हा फक्त इमारतीच्या आत वापरण्यास खुला होता. २२ ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ असा एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा इमारतीबाहेरही परवानामुक्त झाला. जुन्या उपकरणांचे फर्मवेअर या तारखेपूर्वीचे असेल तर त्यातील वाहिन्यांची यादी आजच्या नियमांपेक्षा तोकडी असते.

याहून गंभीर बाब परदेशातून आलेल्या जुन्या उपकरणांची आहे. एअरोनेटच्या मॉडेल क्रमांकातील एक अक्षर ते उपकरण कोणत्या प्रदेशासाठी बनविले ते सांगते, उदाहरणार्थ ‘ए’ हे उत्तर अमेरिकेसाठी आणि ‘ई’ हे युरोपसाठी. हे बंधन यंत्रभागात नोंदलेले असते आणि स्वतंत्र फर्मवेअर बसविल्याने ते सुटत नाही. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये देश निवडता येतो, तेथे भारत निवडणे अपेक्षित आहे. शक्ती वाढविण्यासाठी दुसराच देश निवडण्याची क्लृप्ती बेकायदेशीर तर आहेच, शिवाय निष्फळही आहे. ॲक्सेस पॉइंटचा आवाज मोठा केला तरी मोबाइलचा आवाज तेवढाच राहतो, त्यामुळे दूरचा मोबाइल ऐकतो पण त्याचे उत्तर पोहोचत नाही.

असुरक्षित वायफायचे परिणाम महाराष्ट्राने जवळून पाहिले आहेत. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमधील बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना पाठविलेला ईमेल नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घरच्या उघड्या वायफायवरून गेल्याचे तपासात आढळले. ऑगस्टमध्ये माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या आणि सप्टेंबरमध्ये दिल्लीतील स्फोटांच्या वेळी चेंबूरमधील एका आस्थापनेच्या वायफायचा असाच गैरवापर झाला. ज्यांची जोडणी वापरली गेली त्यांचा त्या कृत्यांशी संबंध नव्हता, तरी तपासाला सामोरे जाणे त्यांना भाग पडले. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याबाबत आणि सार्वजनिक ठिकाणी वापरकर्त्याची ओळख नोंदविण्याबाबत इंटरनेट सेवा पुरवठादारांना निर्देश दिले. स्वतंत्र ॲक्सेस पॉइंट अशा नोंदी स्वतःजवळ जेमतेम ठेवतो आणि वीज गेली की त्या पुसल्या जातात. लोकांसाठी वायफाय देणाऱ्याला ओळख नोंदविणारी वेगळी व्यवस्था लागतेच. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत दुकानदारालाही परवान्याशिवाय सार्वजनिक वायफाय देता येते, आणि ओळख पटविण्याचे काम मधली संस्था करते.

कोकणातील वापर

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कणकवली तालुक्यातील तळेरे हे मुंबई–गोवा महामार्गावरील तिठ्याचे गाव आहे. येथून एक रस्ता विजयदुर्गाकडे आणि दुसरा वैभववाडी, गगनबावडामार्गे कोल्हापूरकडे जातो. अशा गावी शाळा, वाचनालय, पतसंस्था किंवा महामार्गालगतचे निवासस्थान यांना एक ते चार ॲक्सेस पॉइंट पुरतात. एवढ्यासाठी नियंत्रक घेणे परवडत नाही व त्याची गरजही नसते. चार उपकरणांना हाताने १, ६ आणि ११ या एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या वाटून देणे अर्ध्या तासाचे काम आहे. स्वतंत्र फर्मवेअर बसविलेले जुने संस्थात्मक उपकरण येथे नव्या स्वस्त घरगुती राउटरपेक्षा पुष्कळदा सरस ठरते, कारण ते सतत चालू राहण्यासाठी आणि एका वेळी अनेक वापरकर्ते सांभाळण्यासाठी बनविलेले असते.

स्थानिक परिस्थितीचे काही विशेष आहेत. जांभ्या दगडाच्या जाड भिंती रेडिओ लहरी बऱ्याच शोषतात आणि पावसाळ्यात ओल धरल्यावर अधिक शोषतात. ५ गिगाहर्ट्झचा संकेत २.४ च्या तुलनेत लवकर क्षीण होतो. त्यामुळे मे महिन्यात आखलेले जाळे जुलैत अपुरे पडू शकते, आणि एकच ॲक्सेस पॉइंट मधल्या खोलीत ठेवून सगळ्या वाड्याला संकेत मिळेल ही अपेक्षा फोल ठरते. दोन उपकरणे तारेने जोडून दोन टोकांना बसविणे हा खरा उपाय. मृगाआधीच्या व परतीच्या पावसातील विजांचा धोका तारेतून वीज घेणाऱ्या उपकरणांना विशेष असतो, कारण छपरावरून आलेली लांब तार हीच विजेच्या झटक्याची वाट बनते. अर्थिंग केलेला झटकारोधक बसविणे तेथे फर्मवेअरइतकेच महत्त्वाचे आहे. मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनारी भागांत खाऱ्या हवेने जोडण्या गंजतात. घरातील वापरासाठीचे उपकरण ओसरीत किंवा पडवीत लावले तर ते फार काळ टिकत नाही.

कोकणाच्या उत्तर टोकाला, पालघर जिल्ह्यात, मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने ग्राममार्ग हा प्रकल्प राबविला. दूरचित्रवाणीच्या यूएचएफ पट्ट्यातील मोकळी जागा आणि ५.८ गिगाहर्ट्झचा परवानामुक्त पट्टा वापरून गावागावांत जोडणी नेणे व स्थानिक पातळीवर वायफायने ती वाटणे, असे त्याचे स्वरूप होते. या प्रकल्पाला २०१७ मध्ये मोझिलाच्या ईक्वल रेटिंग स्पर्धेत पारितोषिक मिळाले. पंचायतीला भागीदार करण्यावर त्यात भर होता. गावातील जाळे दुरुस्त करू शकणारी व्यक्ती गावातच असावी, हा जुन्या उपकरणांच्या पुनर्वापरातलाही कळीचा मुद्दा आहे. तंत्रनिकेतनातील विद्यार्थ्याला किंवा तालुक्याच्या ठिकाणच्या संगणक दुरुस्ती करणाऱ्याला कन्सोलची तार आणि टीएफटीपी यांची ओळख असेल, तर मुंबईहून तंत्रज्ञ येण्याची वाट पाहावी लागत नाही.

मर्यादा

अनेक स्वतंत्र ॲक्सेस पॉइंटना एकच नाव व संकेतशब्द दिला तर मोबाइल एकाकडून दुसऱ्याकडे जातो, परंतु कधी जायचे हे तोच ठरवितो. पहिल्याचा संकेत अगदी क्षीण होईपर्यंत पुष्कळ मोबाइल त्यालाच चिकटून राहतात, आणि चालताना चाललेले इंटरनेटवरील बोलणे तुटते. शेजाऱ्याने नवा राउटर त्याच वाहिनीवर लावला तर वाहिनी आपोआप बदलण्याची समज या उपकरणांत मर्यादित असते. ८०२.११एन पिढीच्या उपकरणांचा वेग आजच्या मानाने कमी असला तरी गावात मिळणाऱ्या इंटरनेट जोडणीच्या वेगाला तो बहुधा पुरेसा असतो. ८०२.११जी पिढीच्या, म्हणजे ११३० व १२४० या मालिकांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही.

रूपांतर न साधल्यास किंवा उपकरण खरोखरच निकामी झाल्यास ते भंगारात देण्यावर निर्बंध आहेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत माहिती-तंत्रज्ञान व दूरसंचार उपकरणे समाविष्ट असून ती नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जाणे अपेक्षित आहे. उपकरण देऊन टाकण्यापूर्वी ते मूळ स्थितीत आणून आतील संकेतशब्द पुसावे लागतात. जुन्या बाजारात मिळणाऱ्या ॲक्सेस पॉइंटमध्ये आधीच्या संस्थेच्या जाळ्याची नावे व मांडणी तशीच राहिलेली आढळते.